डिचोलीच्या भिंतीला डिचोलीचीच माती लावा : नगरपालिका आणि खाण खात्याला खुलं पत्र

मान. नगराध्यक्ष आणि सगळे नगरसेवक, डिचोली नगरपालिका, आणि सोबत खाण खात्यातले व उत्तर गोवा जिल्हा खनिज फाउंडेशनमधले साहेब लोक,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. विषय भिंतींचा आहे आणि त्या आपल्याकडे भरपूर आहेत, तेव्हा जरा वेळ काढून वाचा.

गोव्यात कुठेही मोकळी भिंत दिसली की सुशोभीकरण सुरू होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. माड, होडी, मासळीवाली, गिटारवाला, पांढरी इगर्ज, खिडकीतून डोकावणारी आजी. रंगवतात छान, उद्घाटनाला फोटो होतात, मग दोन पावसाळे गेले की खालून शेवाळ चढतं आणि मासळीवालीचा परकर काळा पडतो. बजेट बरं असेल तर रंगाऐवजी टाइल्स येतात, त्यावर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या स्टाइलची माणसं. मारिओंबद्दल माझी काहीच तक्रार नाही हां, त्यांनी त्यांचा लोटलीचा, पणजीचा गोवा बघितला आणि जीव ओतून काढला. तक्रार आपल्याबद्दल आहे. डिचोली, सांखळी, मये, शिरगाव, पाळी, वेळगे, तिकडे खाली सावर्डे, रिवण, हा सगळा पट्टा ज्या गोष्टीवर साठ-सत्तर वर्षं जगला, भांडला, श्रीमंत झाला आणि कर्जात बुडाला, ती लोखंडाची खाण आपल्या एकाही भिंतीवर मला आजवर धड दिसलेली नाही. पर्यटकांच्या गोव्याची कॉपी आपण इथे चिकटवतो, जिथे पर्यटक मुळात येतच नाहीत, आले तरी मयेचं तळं बघून परत जातात.

तर मागणी एवढीच की डिचोलीत एक मोठी सिरॅमिकची भिंत करा. आपल्या खडकांची आणि आपल्या खाणींची. आणि ती करताना माती आपली, रंग आपल्या खनिजाचे, हात इथल्या कुंभारांचे आणि गणपती घडवणाऱ्या चित्रशाळावाल्यांचे. जागा मला विचाराल तर बसस्टँड, वर छप्पर असलेली भिंत. कारण पुढे सांगतो.

आता कोणी म्हणेल टाइल्सवर चित्रं ही तर पोर्तुगीज भानगड, आपला काय संबंध. संबंध आहे आणि चांगला आहे. पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जाऊन बघा, बहुतेक जण समोरच्या रस्त्याने रोज जातात पण आत शिरत नाहीत. तिथे भिंतभर निळ्या-पांढऱ्या अझुलेजो म्हणजे चित्रांच्या टाइल्स आहेत, 1935 च्या, जॉर्ज कोलासो नावाच्या चित्रकाराने केलेल्या, कामोंइश ह्या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग. वास्को द गामा, जहाजं, समुद्र, सगळं त्यांच्या बाजूने सांगितलेलं. कलाकुसर मात्र मानलीच पाहिजे. ह्याच कोलासोने त्याआधी पोर्तो शहरातलं साँव बेंतू रेल्वे स्टेशन टाइल्सनी मढवलंय, सुमारे 20 हजार टाइल्स आहेत म्हणे, आणि तिथे राजेरजवाडे, लढाया वगैरे खाली आहेतच पण वरच्या पट्टीत त्याने रंगीत टाइल्समध्ये काय काढलंय, तर वाहतुकीचा इतिहास! माणूस आधी कशावरून जायचा, मग गाड्या कशा आल्या, शेवटी रेल्वे. स्टेशनातच लावलंय ते, जाता-येता लोकांना दिसेल असं.

आपल्याकडे ह्या पट्टीसाठी मालमसाला किती आहे बघा. सुरुवातीला ओअर म्हणजे कच्चं खनिज हाताने फोडून, चाळून, बायकांच्या डोक्यावरच्या टोपल्यांतून खाली यायचा. मग मशीनं आली, डंपर आले, टिप्पर आले, मांडवीच्या काठावर जेटी आल्या, जेटीवरून बार्ज म्हणजे मालवाहू होड्या, बार्जमधून मुरगाव बंदर आणि तिथून जहाजाने जपान, आणि नंतरच्या काळात चीन. पावसाळ्यात आग्वादचं, म्हणजे मांडवीचं तोंड बंद झालं की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून वळून झुआरीत जायच्या. ही सगळी साखळी एका पट्टीत मावते. बसस्टँडवर उभा असलेला माणूस ती डावीकडून उजवीकडे वाचत जाईल आणि तेवढ्यात त्याची सांखळीची बस लागेल. (लागली तर.)

आता खडकांकडे येतो, कारण माझ्या मते खरी गंमत तिथे आहे आणि आपल्या शाळांतून ती कोणी सांगत नाही.

आपल्या पट्ट्यातला मूळ दगड म्हणजे बँडेड हेमटाइट क्वार्टझाइट. नाव अवघड आहे पण दगड हातात घेतला की लगेच कळतो, एक पट्टी लोखंडाची, एक सिलिकाची, परत लोखंडाची, बेबिंका ह्या आपल्या गोड पदार्थाच्या थरांसारखा. भूगर्भवाले हे खडक अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे मानतात. तेव्हाच्या समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं, पाण्यात ऑक्सिजन आला तसं ते गंजून तळाला बसत गेलं, थरावर थर. नंतर जमीन वर आली, वाकली, मोडली, आणि मग आपला पाऊस कामाला लागला. लाखो वर्षं पाणी खडकातून मुरत राहिलं, सिलिका धुऊन नेत राहिलं, लोखंड मागे उरलं. म्हणजे आपला ओअर बऱ्याच अंशी पावसानेच तयार केलाय. जिथे सिलिका जवळजवळ सगळी गेली तिथे उरला भुगा, त्यालाच खाणीत ब्लू डस्ट म्हणतात, दिसायला निळसर करडा, चमकदार, आणि बोटाने चोळला की लाल. आणि वरचं कवच म्हणजे सड्यावरचा, पठारावरचा जांभा, ज्याचे चिरे काढून आपण घरं बांधली.

ह्याचा सिरॅमिकशी काय संबंध? सगळाच. कुंभाराच्या आणि सिरॅमिकवाल्याच्या रंगाच्या डब्यात सगळ्यात जुना रंग कुठला असेल तर लोखंडाचा. भाजलेलं मडकं लाल का दिसतं, मातीतल्या लोखंडामुळे. ग्लेझमध्ये, म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत लेपात, हेच लोखंड एक-दोन टक्के घातलं आणि भट्टीत हवा कमी ठेवून भाजलं तर फिकट हिरवा रंग येतो. आठ-दहा टक्के घातलं तर काळा-तपकिरी. त्याहून वाढवलं तर गंजाचा तांबूस. एकच हेमटाइट, फक्त प्रमाण आणि भट्टीतली हवा बदलायची. आणि गोव्यात निव्वळ लोखंड नाही, मँगनीजही निघालंय, त्यातून तपकिरी आणि जांभळट छटा येतात. म्हणजे हिरवा, काळा, तांबडा, तपकिरी, जांभळट हे सगळे रंग आपल्या खाणीतच आहेत आणि आपण भिंतीसाठी रंग बाहेरून आणतो. पाच कोटी टनांहून जास्त माल एका वर्षात, 2010-11 ला, गोव्यातून बाहेर गेला. त्यातल्या चार पोत्यांत ही भिंत झाली असती.

बरं, जांभ्यात कला करणं ही ह्या तालुक्याला नवीन गोष्ट नाही. हरवळ्याची लेणी जांभ्यातच कोरलेली आहेत, साधारण सहाव्या शतकातली मानतात, बाजूला धबधबा, रुद्रेश्वर, दर वर्षी आपण सगळे जातो. लामगावची लेणीही जांभ्यातलीच, आणि ती तर डिचोली बाजारापासून हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे किती जण गेलेत हात वर करा. आणि सगळ्यात भारी म्हणजे तिकडे रिवणकडे कुशावतीच्या काठाला उसगाळीमळची खोदचित्रं. बैल, हरणं, तो गोल गोल चक्रव्यूह, नदीकाठच्या उघड्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी कोरून ठेवलेला. विद्वानांच्या नजरेत ती यायला 1990 चं दशक उजाडलं. आणि आजूबाजूला कसला परिसर आहे, तर खाणींचा! ज्या खडकासाठी आपण डोंगर उलटे केले त्याच्याच शेजारी पूर्वजांनी शांतपणे बैल कोरला होता. माझ्या भिंतीत हा बैल पाहिजेच, मी आत्ताच बुकिंग करून ठेवतो.

आता हात कोणाचे. डिचोलीच्या कुंभारकामाचं नाव एके काळी गोवाभर होतं, आता किती चाकं फिरतात ते तुम्हीच बघा, मला आकडा द्यायचा नाही कारण आकडा दिला की चर्चा आकड्यावर जाते. पण दुसरी एक फौज आपल्याकडे अजून शाबूत आहे ती म्हणजे गणपतीच्या चित्रशाळा. मये, डिचोली, सांखळी, घराघरात चवथीच्या आधी दोन-तीन महिने चिकणमातीत हात घातलेली माणसं. कुठली माती कशी मळायची, किती सुकू द्यायची, कुठे तडा जाणार हे त्यांना बोटांनी कळतं. चवथ संपली की हे हात वर्षभर दुसऱ्याच कामाला लागतात, कोणी दुकानात, कोणी कंपनीत, कोणी पूर्वी खाणीवरच होता. ह्या लोकांना भिंतीवरचं उठावाचं काम द्या. फरक एकच, गणपती भाजत नाहीत, हे भाजायचं आहे, आणि भाजताना माती आकसते, जाड गोळा असेल तर आत राहिलेल्या ओलीने फुटतो, तेव्हा पाठीमागून पोकळ करायचं, तुकडे करायचे, नंबर घालायचे. ते शिकवणारे सिरॅमिकवाले गोव्यात आहेत, पणजीत आर्ट कॉलेज आहे. दोघांना एका शेडखाली बसवणं एवढंच तुमचं काम. चित्रशाळावाला आर्ट कॉलेजच्या पोराला माती शिकवेल आणि पोरगा त्याला भट्टी शिकवेल, पण प्लीज पत्रिकेवर एकाला 'कलाकार' आणि दुसऱ्याला 'स्थानिक कारागीर' असं छापू नका, दोघांचं मानधन आणि भिंतीवरचं नाव सारख्याच आकाराचं असू दे.

आता अवघड भाग. काय दाखवायचं.

मला माहितीय की हे वाचून कोणीतरी म्हणणार, खाण म्हणजे वादाचा विषय, कशाला भिंतीवर आणता, माड बरे. आणि दुसरा म्हणणार की काढा ना, आमच्या खाणींनी गोवा उभा केला ते काढा. आमच्या घरी ट्रक होता, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं बोलणं मला पाठ आहे. ट्रक होता म्हणजे बँकेचा हप्ताही होता. 2012 च्या सप्टेंबरमध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने, आणि त्या चवथीनंतर आमच्या वाड्यावर किती घरांसमोर ट्रक नुसते उभे राहिले, टायरात गवत येईपर्यंत, ते मी बघितलंय. 2014 ला कोर्टाने मर्यादा घालून परवानगी दिली, 2018 च्या फेब्रुवारीत परत 88 लीजांचं नूतनीकरण रद्द झालं, मार्चमध्ये सगळं परत बंद. आता लिलाव होऊन डिचोली-मुळगाव, शिरगाव-मये असे ब्लॉक नव्याने गेलेत. म्हणजे विषय संपलेला नाहीच, चालू आहे, आणि म्हणूनच मला वाटतं भिंत आत्ता व्हावी, सगळं विसरून झाल्यावर नाही.

पण त्याच वेळी शिरगावच्या माणसाला विचारा. गावाच्या चहूबाजूंनी खाणी, खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले, उपसा पंपांनी दिवसरात्र, आणि गावातल्या विहिरी आटल्या. शेतात गाळ. ज्या गावात लईराईच्या जत्रेला सगळा गोवा लोटतो त्या गावाला पाणी टँकरने प्यावं लागलं, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. पाळी-वेळगे रस्त्यावरची झाडं आठवा, हिरवं पान दिसायचं ते फक्त जून ते सप्टेंबर. रस्त्याकडेला कपडे वाळत घालणाऱ्या बायकांना विचारा. टिप्परच्या रांगा आणि त्यात गेलेली माणसं, प्रत्येक गावात एक तरी नाव आहे.

ह्या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर, एकाच मातीत आल्या नाहीत तर भिंत करू नका. मी गंभीरपणे सांगतोय. फक्त ट्रक, बार्ज, हसरे कामगार आणि खाली कंपनीचा लोगो असं होणार असेल तर ती जाहिरात झाली, तिला जाहिरातीचे पैसे आकारा आणि नगरपालिकेच्या तिजोरीत टाका. आणि फक्त आटलेली विहीर आणि रडणारी बाई दाखवलीत तर आमच्या वाड्यावरचे लोक ते बघून तोंड फिरवतील, कारण त्यांची पोरं त्याच ट्रकच्या पैशांवर शिकली. दोघंही खरं बोलतात. भिंत मोठी आहे, दोघांना जागा होते.

मला स्वतःला काय बघायला आवडेल ते सांगतो, डिझाइन तुम्ही करा. भिंतीचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे तो पट्ट्यापट्ट्यांचा मूळ दगड, खरोखर लोखंडाच्या ग्लेझने, एक पट्टी काळी, एक लालसर. त्यावर मँगनीजवाला तपकिरी भाग, त्यावर ब्लू डस्ट, सगळ्यात वर जांभा, आणि जांभ्याच्या वर सडा, गवत, काजू, देवळं, घरं. म्हणजे डिचोली तालुका उभा कापला तर कसा दिसेल तो छेद. आणि मग त्या छेदात मध्येच खाणीचा खड्डा, पायऱ्या पायऱ्यांचा, वरून खाली उतरत जाणारा, आणि तो सड्यावरून उतरत उतरत विहिरीच्या तळाच्याही खाली जातो. बाजूला एक विहीर काढा आणि तिच्यात पाण्याची रेघ, खड्ड्याकडे कललेली. बस, शिरगावमध्ये काय झालं ते आठवीतल्या पोरालाही भाषणाशिवाय कळेल. भूगोलाच्या सरांनी पोरांना तिथेच आणावं.

परदेशातलं एक उदाहरण देतो, कारण आपल्याकडे परदेशातलं उदाहरण दिलं की फाइल जरा हलते. इंग्लंडात कॉर्नवॉलमध्ये सेंट ऑस्टेल म्हणून गाव आहे. तिथे अठराव्या शतकापासून चायना क्ले म्हणजे पांढरी माती काढली, तीच जी कपबशीसाठी आणि गुळगुळीत कागदासाठी लागते. गावाभोवती पांढऱ्या ढिगाऱ्यांचे डोंगर, आपल्या डंपसारखेच, फक्त आपले लाल. धंदा आक्रसला, गाव मरगळलं. मग त्यांनी मातीवरच कलेचे उपक्रम सुरू केले आणि 2022 साली गावात सँडी ब्राऊन ह्या कलाकार बाईंनी केलेली 'अर्थ गॉडेस' नावाची सिरॅमिकची मूर्ती उभी केली, साडेअकरा मीटर उंच. सगळ्यांना आवडली असं मुळीच नाही, काहींनी नावं ठेवली, म्हणजे अगदी आपल्यासारखंच. पण ज्या मातीमुळे गाव वसलं ती माती गावाच्या मध्यभागी उभी राहिली. तिथून जवळच एका संपलेल्या क्लेच्या खड्ड्यात ईडन प्रोजेक्ट आहे, मोठमोठे घुमट आणि आत जगभरची झाडं, 2001 पासून लोक तिकीट काढून बघायला जातात. मी डिचोलीत घुमट मागत नाहीये. भिंत मागतोय.

आता पैसे. इथे मी तुमच्याशी थोडं भांडणार आहे. कोणाच्या तरी डोक्यात पटकन येईल की जिल्हा खनिज फाउंडेशनचा निधी आहे ना, त्यातून करू. नको. तो निधी 2015 च्या कायद्याने खाणबाधित लोकांसाठी ठेवलाय, त्यात पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, आरोग्याचा, शाळेचा. शिरगावच्या नळाचे पैसे काढून शिरगावच्या विहिरीचं चित्र काढलं तर त्याहून मोठा विनोद नाही. भिंतीचा खर्च सुशोभीकरणाच्या हेडखालून करा, जो दर दोन वर्षांनी काळ्या पडणाऱ्या रंगावर तसाही जातोच. फाउंडेशनकडून मला फक्त त्यांच्या गावांची यादी आणि गावागावात बैठक लावायला मदत हवी, म्हणजे काय काढायचं हे पणजीत ठरणार नाही.

खाण खात्याकडून मात्र एक गोष्ट पाहिजे आणि ती तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही. माती. कारण खनिज सरकारचं, डंप सरकारदरबारी मोजलेला, त्यातली बादलीभर माती कुंभाराने उचलली तरी उद्या त्याच्यावर बेकायदा उत्खननाची नोटीस यायची. तेव्हा खात्याने रीतसर कागद करून थोडा ओअर, थोडं मँगनीज, थोडी डंपची माती ह्या कामासाठी द्यावी, आणि देण्याआधी लॅबमध्ये तपासून द्यावी. मँगनीजची पूड आणि भट्टीतला त्याचा धूर फुप्फुसांना चांगला नाही, मास्क, हवा खेळती असलेली शेड, ह्या गोष्टी टेंडरमध्ये लिहाव्यात. खाणीच्या धुळीचं स्मारक करताना परत कोणाला धूळ खायला लावू नये.

टेंडरचा विषय निघालाच आहे तर हेही. तुमची नेहमीची पद्धत म्हणजे सगळ्यात कमी दराचं टेंडर, एल-वन. एल-वनला काय होणार ते मी आत्ता सांगतो, गुजरातच्या मोरबीहून डिजिटल प्रिंटच्या टाइल्सचा ट्रक येणार, त्यावर इंटरनेटवरून उचललेला ट्रक आणि डोंगर छापलेला असणार, डोंगर बहुतेक झारखंडचा. मोरबीवाले त्यांच्या जागी उत्तम आहेत, आमच्या बाथरूममध्ये त्यांच्याच टाइल्स आहेत. पण हे काम दरावर निघत नाही. आधी नमुने मागवा, कामातली माती आणि हात कुठले हे बघणारी छोटी समिती करा, तिच्यात एक भूगर्भशास्त्राचा माणूस, एक कुंभार, एक माजी ट्रकमालक आणि शिरगाव-मयेतली एक बाई असू दे, आणि नगरसेवक एकच. हो, एकच.

आणि पाऊस. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तो सरळ पडत नाही, आडवा मारतो. साधी लाल भाजलेली माती, म्हणजे नऊशे-हजार डिग्रीची, पाणी पिते, मग तिच्यावर शेवाळ आणि काळं. म्हणून छपराखालची जागा मागितली. उघड्यावरच करायची असेल तर बाराशे डिग्रीच्या वर भाजलेलं स्टोनवेअर करा, ते पाणी फारसं धरत नाही. तुकडे थेट भिंतीला सिमेंटने थापू नका, जुन्या भिंतीतली ओल आणि क्षार मागून ढकलतात आणि तुकडे फुगून पडतात, मध्ये थोडी पोकळी ठेवून गंज न चढणाऱ्या क्लिपांवर बसवा, सांध्यांत जागा ठेवा. प्रत्येक महत्त्वाच्या तुकड्याचा एक जादा तुकडा भाजून नगरपालिकेत जपून ठेवा, कारण एखादी बस रिव्हर्स घेताना भिंतीला लागणार ही काळ्या दगडावरची रेघ. आणि सगळं एकदम करू नका. आधी एक छोटी पट्टी, दहा फुटांची, एका पावसाळ्यात उघडी ठेवून बघा. ऑक्टोबरमध्ये कळेल कुठला ग्लेझ टिकला.

एक शंका माझ्या मनातही आहे, ती लपवत नाही. आज खाणी परत सुरू होतायत, अशा वेळी खाणींच्या इतिहासाची भिंत उभी राहिली तर कोणीतरी तिला 'खाणी आता इतिहासजमा' म्हणून वापरेल आणि कोणीतरी 'बघा, खाणी ही आमची संस्कृती' म्हणून. दोन्ही बाजूंची निवेदनं मला आत्ताच दिसतायत. ह्यावर एकच उपाय सुचतो, भिंतीचा उजवीकडचा शेवट रिकामा ठेवा. नुसत्या न रंगवलेल्या, भाजलेल्या कोऱ्या टाइल्स. पुढच्या दहा वर्षांत जे होईल ते त्या वेळच्या लोकांनी त्यांच्या हाताने लावावं, आजच्या कमिटीने त्यांच्या वतीने ठरवू नये. उद्घाटनाची कोनशिलाही त्या जागेत बसवायची नाही, ती दुसरीकडे कुठेही लावा, हवी तेवढी मोठी लावा.

तर आता काम एवढंच की पुढच्या मासिक बैठकीच्या अजेंड्यावर हा विषय घ्या. बसस्टँडची भिंत कोणाच्या अखत्यारीत, कदंब बस महामंडळाच्या की पालिकेच्या, हे आधी लेखी विचारून ठेवा, नाहीतर सहा महिने त्यातच जातील. चवथीच्या आधी चित्रशाळावाल्यांना वेळ नसतो, तेव्हा त्यांची बैठक चवथीनंतर लावा. आणि खाण खात्याने मातीच्या परवानगीबद्दल हो की नाही ते कळवावं, नाही असेल तर कुठल्या नियमाखाली नाही ते लिहून कळवावं, म्हणजे पुढचं पत्र कोणाला लिहायचं ते मला समजेल.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक करदाता